असईचा सेनापती आणि पटावरची प्यादी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पण त्यातील एका खेड्याचे नाव कितीतरी आधीपासून जगाच्या लष्करी इतिहासात नोंदलेले आहे. असई हे ते खेडे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे मेजर जनरल ऑर्थर वेलस्ली याने दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा विजेता ठरला. ज्याने आपल्याला हरविले त्याचे चरित्र आपण कशासाठी वाचायचे, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे, की पायदळाची खरी लढाई आणि पटावर मांडलेली लढाई यांत अंतर कोठे पडते, हे या माणसाच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसते.

पटावरची लढाई आपल्याला नवी नाही. चतुरंग हा खेळ भारतातलाच. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून त्याला नाव मिळाले. त्यातले पायदळ म्हणजे आपल्या बुद्धिबळातले प्यादे. युरोपात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ तयार केला. तांबडे आणि निळे ठोकळे म्हणजे पलटणी, फासे म्हणजे नशीब आणि निकाल द्यायला एक पंच. आजची हौशी मंडळी मेजावर चिमुकले शिपाई मांडतात, पट्टीने अंतर मोजून त्यांना पुढे सरकवितात आणि फासे टाकून किती पडले ते ठरवितात. असईची लढाईही अशा मेजांवर खेळली जाते.

वेलस्लीचा जन्म १७६९ साली आयर्लंडमधील डब्लिन येथे एका सरदार घराण्यात झाला. वडील लवकर वारले. ईटनच्या प्रसिद्ध शाळेत तो चमकला नाही. हा मुलगा कोठे उपयोगी पडेल, याची आईला चिंताच होती. फ्रान्समधील आंझे येथे तो घोडेस्वारी शिकला आणि १७८७ साली सैन्यात दाखल झाला. त्याला व्हायोलिनचा नाद होता. पण १७९३ च्या सुमारास आपली वाद्ये त्याने स्वतःच जाळून टाकली, असे चरित्रकार सांगतात. त्या काळी इंग्रजी सैन्यात हुद्दे पैसे भरून मिळत. अशा रीतीने चोविसाव्या वर्षीच तो ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. १७९४-९५ च्या हिवाळ्यात फ्लँडर्स व हॉलंडमध्ये इंग्रजी सैन्याची अन्नपाण्यावाचून झालेली दैना त्याने पाहिली. सैन्य कसे चालवू नये, हा त्याचा पहिला धडा होता.

१७९७ साली तो कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. भावाच्या अधिकाराचा त्याला फायदा झाला, हे नाकारता येत नाही. एप्रिल १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात सुलतानपेठच्या झाडीवर त्याने रात्री हल्ला केला. जागा आधी पाहिलेली नव्हती. अंधारात पलटण विस्कटली आणि हल्ला फसला. जमीन डोळ्यांखालून घातल्याशिवाय माणसे पुढे घालायची नाहीत, हे तो तेथे शिकला. पुढे म्हैसूरच्या कारभारात आणि १८०० साली धोंडिया वाघाच्या पाठलागात त्याने तांदूळ, बैल आणि नद्यांचे उतार यांचा हिशेब ठेवायची सवय लावून घेतली. पटावर प्याद्याला भूक लागत नाही. खरी पलटण मात्र बैलांच्या पाठीवर चालते.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसऱ्या बाजीरावाने पळून जाऊन वसईला इंग्रजांशी तह केला. त्याला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी वेलस्ली १८०३ मध्ये पुण्यास आला. ऑगस्टमध्ये शिंदे-भोसल्यांशी युद्ध सुरू झाले आणि त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. २ सप्टेंबरला त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने जालना घेतले. २१ तारखेला दोघे बदनापूरला भेटले. दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनच्या बाजूस मराठ्यांना गाठायचे, असे ठरले.

पण २३ च्या सकाळी नळणीजवळ वेलस्लीला कळले, की शत्रू थोड्याच अंतरावर, केळणा नदीच्या पलीकडे आहे. त्याच्याजवळ १०,००० च्या आत माणसे होती. समोर १०,००० हून अधिक कवायती पायदळ, सुमारे १०० तोफा आणि भोवती हजारोंचे घोडदळ. हे पायदळ म्हणजे महादजी शिंदे यांनी डी बॉयनच्या हातून घडविलेल्या कंपूंची परंपरा. त्याचा मुख्य सेनानी पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन होता. स्टीव्हन्सनची वाट न पाहता वेलस्लीने लढायचे ठरविले.

समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. वाटाड्ये म्हणाले, जवळ दुसरा उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले. अलीकडच्या काठाला पिंपळगाव, पलीकडच्या काठाला वरूड. दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत, तर मध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला. माणूस पाठविला, उतार निघाला. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. पण उतार कोठे असतो हे आमच्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते. सोयरीक आणि बाजार जिथून चालतो, तिथे पाणी उथळ असते. असईचा दिवस फिरविणारे ज्ञान हे असे गाडीवानाचे ज्ञान होते. मेजावरच्या खेळात मात्र उतार नकाशावर आधीच रंगविलेला असतो. खेळाडू आकाशातून पाहतो. सेनापती घोड्यावरून, धुळीतून आणि धुरातून पाहतो.

उतारावरच तोफेच्या गोळ्याने वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके उडविले. पलीकडे केळणा आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत त्याने पलटणी उभ्या केल्या. दोन्ही बगलांना नद्या असल्यामुळे मोठ्या फौजेला त्याला वेढता येईना. पण हरला असता तर परतायलाही जागा नव्हती. पोलमनने आपली सारी फळी काटकोनात वळवून त्याच्या समोर आणली. मेजावर ही पट्टीची एक हालचाल. प्रत्यक्षात हजारो माणसांनी तोफांसह, रांग न मोडता फिरायचे असते. शिंद्यांचे पायदळ हे करू शकेल, अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती.

त्या काळची बंदूक शंभर पावलांपलीकडे नेमकी लागत नसे आणि मिनिटाला दोन-तीन बारच होत. म्हणून शिपायांना खांद्याला खांदा लावून, रांगेत, अगदी जवळ जावे लागे. वेलस्लीच्या तोफांचे बैल मारले गेले. तोफा मागे ठेवून पायदळ छऱ्यांच्या माऱ्यातून संगिनी रोखून पुढे गेले. डावीकडे ७८ वी हायलंडर आणि मधल्या मद्रासी पलटणींनी समोरच्या तोफा घेतल्या. उजवीकडे मात्र ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याचा हुकूम समजण्यात घोटाळा झाला. असई गाव टाळून राहायचे असताना तो थेट गावाकडे गेला आणि ७४ वी पलटण त्याच्यामागे ओढली गेली. गावातल्या तोफांनी तिची चाळण केली. घोडदळ धावून आले म्हणून ती वाचली. चांगल्या युद्धखेळात हुकूम पाळला जाईल की नाही, यासाठी फासे टाकतात, ते अशाच अनुभवातून. बुद्धिबळात तसे होत नाही; तेथे प्यादे हुकूम चुकत नाही.

आणखी एक गोष्ट कोणत्याही पटावर बसत नाही. शिंद्यांचे काही गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. इंग्रजी फळी वरून पुढे गेल्यावर ते उठले आणि त्यांनी तोफा मागे वळवून पुन्हा डागल्या. वेलस्लीला तुकडी घेऊन त्या पुन्हा जिंकाव्या लागल्या. पटावरून उचललेले प्यादे परत येत नाही. खेळाच्या नियमात सेनापती गेला की पलटणीची हिंमत घटते. येथे दौलतराव आणि रघुजी लवकरच रणांगण सोडून गेले. गोलंदाज मात्र तोफांजवळच मेले. त्यांची नावे कोठे नाहीत.

इंग्रजांचे ४२८ ठार आणि १,१३८ जखमी झाले. मराठ्यांचे मेलेले-जखमी मिळून सुमारे ६,००० धरतात. ९८ तोफा गेल्या. पटावर दोन रंग असतात. येथे मात्र एका बाजूला मद्रासचे शिपाई, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानात भरती झालेले शिपाई. दोन्हीकडची बहुसंख्य माणसे याच देशाची होती. त्या रात्री वेलस्ली गुडघ्यांत डोके घालून बराच वेळ बसून होता, असे सांगतात.

नोव्हेंबरात आडगाव आणि डिसेंबरात गाविलगड पडले. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. १८०५ साली तो मायदेशी परतला. १८०८ ते १८१४ पर्यंत तो पोर्तुगाल-स्पेनमध्ये फ्रेंचांशी लढला. असईला उघड्यावर तोफांसमोर चालविलेले पायदळ तो तेथे टेकडीच्या आड निजवून ठेवी. वॉटर्लूलाही त्याने तेच केले आणि फ्रेंच घोडदळ आले तेव्हा पलटणींचे चौकोन बांधले. तो १८२८ ते १८३० इंग्लंडचा पंतप्रधान होता. १८२९ साली कॅथलिकांना हक्क देणारा कायदा त्याच्याच कारकिर्दीत झाला. पण सामान्यांना मताधिकार वाढवून देण्यास त्याने विरोध केला, तेव्हा लंडनच्या जमावाने त्याच्या घराच्या काचा फोडल्या.

उतारवयात पटावरची लढाई त्याच्यासमोर पुन्हा आली. विल्यम सायबॉर्न या अधिकाऱ्याने हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून, ते कोठे उभे होते ते विचारून वॉटर्लूची प्रचंड प्रतिकृती बनविली. तीवर सुमारे ७५,००० कथलाचे शिपाई होते. १८३८ साली ती लंडनमध्ये मांडली गेली. प्रशियन सैन्याची जागा ड्यूकला पटली नाही; पुढे सायबॉर्नने हजारो प्रशियन शिपाई तीवरून काढले. कथलाचा शिपाई असा काढता येतो. लढाईची गोष्ट कोणालाच पुरती सांगता येणार नाही, असे ड्यूकचे मत होते; तरी त्या गोष्टीत आपला वाटा कमी दिसू नये, हेही त्याला वाटत होतेच.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये मोठ्या इतमामाने पुरला गेला. आपल्या लढायांपैकी सर्वांत सरस कोणती, असे विचारल्यावर त्याने वॉटर्लूचे नव्हे तर असईचे नाव घेतले होते. विजेत्याने दिलेली ही साक्ष एकट्या त्याच्या कर्तबगारीची नाही. एवढा कठीण दिवस त्याच्यावर आणला तो आपल्या मातीवर उभ्या असलेल्या अनाम गोलंदाजांनी आणि शिपायांनी. मित्रहो, युद्धखेळ जरूर खेळावा. त्यातून रांग, बगल आणि उतार कळतो. पण प्यादे उचलून बाजूला ठेवताना हात क्षणभर थांबला पाहिजे. असईला ते प्यादे माणूस होते.