काचेपलीकडचा जॉर्ज

बीटल्स म्हटले की लांब केस, गिटारी आणि किंचाळणाऱ्या मुली एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. त्या चौघांत जॉर्ज हॅरिसन वयाने सर्वांत लहान. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी गाणी रचायची, जॉर्जने गिटार वाजवायची आणि तबकडीवर त्याच्या वाट्याला एखाद-दोन गाणी यायची, असा त्या घरचा रिवाज होता. अशा माणसाला स्वतःच्या नावाची तबकडी काढायची संधी मिळाली तेव्हा त्याने काय केले?

जॉर्जचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील बसवर कंडक्टर, पुढे ड्रायव्हर. (माझे वडील एस.टी.त कंडक्टर आहेत, म्हणून हा तपशील मी जरा अभिमानानेच लिहितो!) शाळेत त्याचे मन रमले नाही. सोळाव्या वर्षी एकही परीक्षा पास न होता त्याने शाळा सोडली आणि एका मोठ्या दुकानात तो वायरमनचे काम शिकू लागला. पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे.

१९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात त्याने सतार वाजवली खरी, पण ती हौशी माणसाची सतार होती. १९६६ मध्ये लंडनला पं. रविशंकर यांची गाठ पडली आणि सप्टेंबरात तो शिकायला थेट मुंबईला आला. ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरला, तरी बातमी फुटलीच. तरुणांची ही गर्दी लोटली आणि शेवटी गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले. जगाने डोक्यावर घेतलेला तेवीस वर्षांचा तरुण तिथे मांडी घालून पलटे घोटत बसला. मला तर हेच त्याचे सर्वांत मोठे धाडस वाटते.

१९६७ मध्ये जो मॅसॉट या दिग्दर्शकाने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत त्याला देऊ केले. जो देईल ते संगीत चालेल, अशी मोकळीक होती. जॉर्ज स्टॉपवॉच घेऊन चित्रपट पाही आणि कोणत्या प्रसंगाला किती सेकंद हवेत ते टिपून ठेवी. काही भाग लंडनला झाला. मग जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईला आला, फोर्टमधल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत.

लंडनच्या मानाने तिथली सामग्री साधीच. रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज आत येई. स्टीरिओ मुद्रणासाठी भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे यंत्र आगगाडीने आणवले. आणि वादक कोण? सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबल्यावर महापुरुष मिश्र, सतारीवर शंभू दास, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे. केंकरे हे आपल्या ओळखीचे आडनाव त्या यादीत वाचून मी क्षणभर थांबलो! सतार शिकायला आलेला जॉर्ज या मैफलीत सतार घेऊन बसला नाही. जाणत्यांच्या हाती वाद्ये देऊन तो काचेपलीकडे गेला. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. त्यात बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची आहे.

‘वंडरवॉल म्युझिक’ १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. बीटल्सपैकी एकाच्या स्वतंत्र नावाची ही पहिली तबकडी आणि त्यांच्या ॲपल कंपनीचीही पहिली एल.पी. तिच्यात जॉर्जचे एकही गाणे नाही, कारण तो गायलाच नाही! कव्हरवर टोपीवाला गृहस्थ एका विटांच्या भिंतीपुढे उभा आहे आणि पलीकडे स्नान करणाऱ्या मुली आहेत. त्या बिचाऱ्याला पलीकडचे दिसायची काही सोय असावी, म्हणून जॉर्जने भिंतीतली एक वीट काढायला लावली.

इंग्लंडमध्ये ही तबकडी काही चालली नाही. आता संग्राहक मात्र तिच्या मूळ प्रती, विशेषतः तिथली मोनो प्रत, शोधत फिरतात. मोनो की स्टीरिओ यावर ते भांडोत. मी ती मोबाईलवर ऐकली, आणि मला ती वादकांच्या नावांच्या यादीसाठी मोलाची वाटते. त्यातल्या काही नावांची स्पेलिंगे वाकडी झाली आहेत, पण नावे आहेत. आपल्याकडच्या किती जुन्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर बासरीवाल्याचे नाव सापडेल?

त्याच वर्षी त्याने सतार बाजूला ठेवली. उत्तम सतारिया होण्याइतके आयुष्य आता हाती नाही हे त्याने ओळखले आणि गिटार पुन्हा जवळ केली. दोन वर्षांनी साठलेली गाणी ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या तीन तबकड्यांच्या संचात बाहेर पडली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी त्याने जलसा केला, तो रविशंकरांच्या शब्दाखातर. त्या दिवशीही आरंभ सतार-सरोदने झाला आणि जॉर्ज मागाहून आला. १९९७ मध्ये ‘चँट्स ऑफ इंडिया’ निघाली. संगीत रविशंकरांचे, आणि निर्माता म्हणून पुन्हा काचेपलीकडे जॉर्ज. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजलिस येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता, आणि एक्क्याऐंशी वर्षांचे गुरुजी हयात होते.