बोटांच्या गाठींना नाव देणारे डॉ. हेबर्डन

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत हात पुढे करून दाखवणाऱ्या मावश्या वाढतात. नखाच्या मागच्या सांध्यावर वाटाण्याएवढ्या टणक गाठी. कुणीतरी ‘युरिक ॲसिड’ म्हटलेले असते, त्या धास्तीने कळण्याची भाकरी आणि डाळ बंद. या गाठींचा गाऊटशी संबंध नाही, हे विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकातच ओळखले होते. वैद्यकात या गाठी त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

हेबर्डन १७१० साली लंडनमध्ये जन्मले. चौदाव्या वर्षी केंब्रिजला गेले, तिथेच डॉक्टर झाले. १७४५ मध्ये त्यांनी ‘थेरियाक’वर लेख लिहिला. डझनावारी घटकांचे, सापाचे मांसही घातलेले हे औषध शतकानुशतके सर्व रोगांवर दिले जात होते. ते निरुपयोगी आहे, असे त्यांनी ठणकावले. (सांधेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघते. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.)

१७४८ मध्ये ते लंडनला आले. रुग्णाजवळ बसूनच टिपणे घ्यायची, दर महिन्याला ती वाचून रोगवार लावायची, ही त्यांची सवय. कांजिण्या आणि देवी हे वेगळे रोग आहेत हे त्यांनी स्पष्ट केले. चालताना छातीत भरून येते, थांबले की कमी होते, हे हृदयाचे दुखणे त्यांनीच १७६८ मध्ये नेमके वर्णिले. शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन त्यांचे रुग्ण होते. १८०१ मध्ये, नव्वदीत, हेबर्डन वारले. पुढच्या वर्षी मुलाने ती टिपणे छापली. बोटांच्या गाठींवरचा मजकूर त्यातलाच, जेमतेम काही ओळींचा.

त्यांच्या मते या गाठी दिसायला वाईट, पण त्रास फारसा नाही. हे मला पूर्ण पटत नाही. त्यांच्या सुखवस्तू रुग्णांना कापूस वेचायचा नव्हता, धुणे पिळायचे नव्हते. गाठ तयार होताना ती लाल होते, ठणकते. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला तर बरणीचे झाकणही उघडत नाही.

झीज भरून काढणारे औषध आजही नाही. पण कोमट पाण्यात बोटांची हालचाल, दुखऱ्या जागी डायक्लोफिनॅक जेल, अंगठ्याला आधारपट्टा आणि जाड मुठीचा विळा यांनी बराच आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवसच, आणि बीपी किंवा किडनीचा त्रास असल्यास विचारूनच. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, हा त्रास बायकांत जास्त. आईला असेल तर मुलीलाही होऊ शकतो.

मात्र मनगट किंवा मुठीची हाडे सुजली, सकाळी हात अर्ध्या तासाहून अधिक आखडलेले राहिले, तर तो संधिवाताचा वेगळा प्रकार असू शकतो. तेव्हा रक्ततपासणीसाठी लगेच या. आणि हो, कळण्याची भाकरी पुन्हा सुरू करा.