सुभेदार मल्हारराव होळकर : होळचे घराणे माळव्यात

श्रीखंडोबाच्या थोर भक्तांत ज्यांची गणना होते त्या सुभेदार मल्हारराव होळकरांचे चरित्र बहुधा लढायांपासून सांगितले जाते. आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धारप्रसंगी त्यांच्या घराण्याचा मागही पाहावा, कारण त्यांचे आडनाव हाच त्यांच्या गावाचा पत्ता आहे.

होळकर म्हणजे होळचे. नीरेच्या काठचे हे साधे खेडे. मूळ आडनाव वीरकर आणि पूर्वज खेडकडील वाफगावचे, अशी घराण्याची परंपरा आहे. त्याही आधी मंडळी मथुरेकडून आली असेही सांगतात; पण उत्तरेकडून आल्याच्या कथा पुष्कळ घराण्यांत असतात, त्यांवर फार भार टाकू नये. घराणे धनगराचे. तेथे खंडोजींच्या पोटी १६९३ साली मल्हारराव जन्मले.

वडिलांचे छत्र लवकर हरपले. भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून मातोश्रींनी मुलाला घेऊन खानदेशात तळोदे येथे भाऊ भोजराज बारगळ यांचे घर गाठले. होळचे नाव जन्मभर बाळगणारा हा पुरुष होळमध्ये असा थोडीच वर्षे राहिला! शेतात निजलेल्या मुलावर नागाने फणा धरल्याची आख्यायिका याच काळातली. भोजराजांपाशी कदमबांडे सरदारांच्या चाकरीतले स्वार होते. त्यांत मल्हारराव घोड्यावर बसले. पुढे मामांची कन्या गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. कदमबांड्यांचे लाल-पांढरे निशाण त्यांनी कृतज्ञतेने पुढेही चालविले.

नंतर ते थोरल्या बाजीरावांच्या पदरी आले. त्या वेळी नर्मदेपलीकडचा माळवा ही मराठ्यांची उत्तर सरहद्द होती. मोगल सुभेदार एकीकडे, स्थानिक जमीनदार दुसरीकडे. नुसत्या तलवारीने तेथे पाय रोवणे अशक्य होते. इंदूरही ओसाड नव्हते. मंडलोई जमीनदारांनी व्यापारी पेठ म्हणून ते आधीच नावारूपास आणले होते व इंद्रेश्वराच्या देवळावरून गावाला नाव पडले होते. इंदूर होळकरांनी वसविले असे सरसकट म्हणतात ते म्हणूनच पुरते खरे नव्हे. फौजेच्या तळाला त्यांनी घर केले, हे त्यांचे श्रेय. १७३४ साली गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली आणि १७४७ च्या सुमारास राजवाड्याचे काम सुरू झाले. होळचे कुलदैवतही तेथे गेले. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे स्थान आहे.

वसई, दिल्ली, पंजाब, जेथे मोहीम तेथे सुभेदार असत. पानिपतावरून १७६१ साली ते लवकर निघाले, हा आक्षेप त्यांच्यावर आजही घेतला जातो. तो लपविण्याचे कारण नाही. आपल्या तुकडीचे अनेक जीव त्यांनी परत आणले हेही तितकेच खरे.

परंतु खरा घाव त्याआधीच बसला होता. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात एकुलता पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाला. सून अहिल्याबाई, चौंडीच्या शिंद्यांची लेक, सती जाण्यास निघाली. वृद्ध सासऱ्याने तिला विनवून मागे फिरविले. त्या काळी हा निर्णय सोपा नव्हता. पुढे सुभेदारांनी तिच्यावर दौलतीचा कारभारच नव्हे, तोफा व दारूगोळा पोहोचविण्याची कामेही सोपविली. १७६५ सालची त्यांची पत्रे याची साक्ष देतात. विधवा सुनेला घरात कोंडणाऱ्यांच्या काळात सासऱ्याने तिला राज्य चालवायला शिकविले!

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचा अंत झाला. नातू मालेराव गादीवर आला आणि वर्षभरातच गेला. दौलत बुडते की काय अशी वेळ आली, तेव्हा १७६७ साली अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला व नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी केली. फौज तुकोजी होळकरांकडे राहिली. सासऱ्याची छत्री त्यांनी आलमपूरला बांधविली.

जेजुरीच्या गडावरील तटाच्या व ओवऱ्यांच्या कामात होळकरांचा मोठा हात आहे. गडाखाली होळकरांचा तलाव आहे आणि जवळच मल्हार-गौतमेश्वराच्या देवळात सुभेदार व गौतमाबाई यांचे स्मारक आहे. होळ तेथून फार दूर नाही.