कॉर्नेलियाबाई सोराबजी : विलायतेस जाण्यापूर्वीचें वर्ष

परीक्षा संपल्या म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या तोंडीं परदेशगमनाच्या गोष्टी येऊं लागतात. कोणत्या युनिव्हर्सिटींत जावें, तेथें थंडी किती पडते, पेटींत काय काय न्यावें, याची चर्चा व्हरांड्यांत चाललेली आम्हीं पुष्कळदां ऐकली आहे. त्या चर्चेंत भर घालण्याइतकी आमची माहिती नाहीं. परंतु ती ऐकतांना आम्हांस एका बाईंची आठवण हटकून होते. त्यांनींही विलायतेची अशीच वाट पाहिली. मात्र त्यांच्या वाट पाहण्यास आरंभ झाला तो एका नकारापासून.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं नाशिक येथें झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजांतून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना यांनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढून चालविली. मुलींना शिकवावें कीं नाहीं, हा वाद त्या घरांत कधींच नव्हता. तो होता घराबाहेर. थोरल्या बहिणींसाठीं वडिलांनीं मुंबई युनिव्हर्सिटीचें दार ठोठावलें, तें उघडलें नाहीं. पुढें १८८३ सालीं युनिव्हर्सिटीनें स्त्रियांस पदवीपरीक्षांची मुभा दिली, तिचा लाभ या धाकटीस मिळाला.

कायद्याचें वेड त्यांच्या डोक्यांत लहानपणींच शिरलें. एक धनिक विधवा त्यांच्या आईपाशीं रडत आली होती. कारभाऱ्यानें विश्वासघात करून तिची मालमत्ता बळकावली होती, आणि परपुरुषासमोर न येणाऱ्या त्या बाईला वकिलाकडे जाऊन दाद मागण्याची सोय नव्हती. अशा स्त्रियांचें काम स्त्रीनेंच चालवावें, हा विचार तेव्हांपासून त्या मुलीनें सोडला नाहीं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्या पहिल्या विद्यार्थिनी. त्या वर्गांत शिरूं लागल्या कीं कांहीं मुलगे आंतून दार लावून घेत. असल्या दाराबाहेर उभें राहून ज्यानें तास चुकविला नाहीं, त्यास परदेशच्या थंडीचें भय काय वाटणार! मात्र भय वाटावें असें एक उदाहरण त्याच शहरांत ताजें होतें. अमेरिकेंत वैद्यक शिकून परत आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या, त्या वेळीं त्यांस बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. कॉलेजांत शिकणाऱ्या या मुलीच्या कानीं ही वार्ता गेली नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

पदवीपरीक्षेंत कॉर्नेलियाबाई कॉलेजांत पहिल्या आल्या. या यशाबरोबर विलायतेंत पुढील शिक्षण घेण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची होती. ती त्यांस मिळाली नाहीं. गुणांत उणें कांहीं नव्हतें. उमेदवार स्त्री होती, एवढेंच कारण. परीक्षेंत नापास होणाऱ्यास निदान पुन्हा बसतां येतें. येथें तोही मार्ग नव्हता.

घरीं बसून रडणें सोपें होतें. त्यांनीं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत इंग्रजी शिकविण्याची जागा पत्करली. विद्यार्थी सगळे पुरुष, आणि शिकविणारी एकवीस-बावीस वर्षांची मुलगी. कालपर्यंत ज्यांच्या बरोबरीचे तिला वर्गांत येऊं देत नसत, त्यांनाच आतां धडा तिच्या तोंडून घ्यावा लागला. आम्ही इतकीं वर्षें मास्तरकी करीत आहों. नव्या वर्गासमोर पहिल्या दिवशीं कोणाचेही पाय कांपतात हें आम्हांस ठाऊक आहे. मग त्यांची स्थिति काय झाली असेल, हें वाचकांनींच ताडावें.

इकडे वर्ग चालत असतां तिकडे पत्रें जात होतीं. १८८८ सालीं त्यांनीं इंग्लंडांतील नॅशनल इंडियन असोसिएशनकडे साहाय्य मागितलें. लेडी मेरी हॉबहाउस व मिस अ‍ॅडिलेड मॅनिंग यांनीं तें काम मनावर घेऊन वर्गणी जमविली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल व सर विल्यम वेडरबर्न हेही होते. आगबोटीनें पत्र जाऊन उत्तर येण्यास महिना-दीड महिना सहज लागावा असे ते दिवस. प्रत्येक टपालाकडे डोळे लावून, मधल्या काळांत उद्यांच्या तासाची तयारी करावयाची, असें तें वर्ष गेलें. शिवाय ज्या विद्येसाठीं ही धडपड, तिचा उपयोग काय हेंही ठरलेलें नव्हतें. कारण त्या काळीं स्त्रीस वकिली करण्याची परवानगी ना हिंदुस्थानांत होती ना इंग्लंडांत.

१८८९ सालीं त्या निघाल्या. डॉक्टर होण्यासाठीं रखमाबाई विलायतेस गेल्या त्याही याच सालीं. पेटींत काय न्यावें याचें उत्तर हवें असेल तर एवढें सांगतों, कीं कॉर्नेलियाबाईंनीं ऑक्सफर्डांतही साडी सोडली नाहीं.

सॉमरव्हिलमध्यें राहून, बेलियल कॉलेजचे प्रमुख जौएट यांच्या पाठिंब्यानें त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला, आणि १८९२ सालीं युनिव्हर्सिटीच्या खास ठरावानें बी. सी. एल. परीक्षा दिली. ती देणारी पहिली स्त्री त्याच. परंतु स्त्रियांस पदवी देण्याचा नियम नव्हता, म्हणून पदवी नाहीं! रिकाम्या हातानें परतून त्यांनीं १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें पडद्यांतील स्त्रिया व अज्ञान वारस यांच्या मालमत्तेचें काम केलें. शेंकडों बायांच्या तक्रारी त्यांनीं ऐकल्या. राष्ट्रीय चळवळीस त्यांनीं पुढें जो विरोध केला, तो आम्हांस पटत नाहीं. पण लहानपणीं पाहिलेल्या त्या विधवेला त्या विसरल्या नाहींत, हें मान्य करणें भाग आहे.

ऑक्सफर्डनें १९२० सालीं स्त्रियांस पदव्या देऊं केल्या. कॉर्नेलियाबाईंची पदवी त्यांच्या हातीं आली १९२२ सालीं, परीक्षा दिल्यापासून तीस वर्षांनीं. पुढच्याच वर्षीं हिंदुस्थानांत स्त्रियांस वकिलीची मोकळीक मिळाली, आणि १९२४ मध्यें, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, त्या कलकत्त्यास वकिलीस उभ्या राहिल्या.