जवानांची दाद घेणारा ॲडमिरल

वरिष्ठांविरुद्ध जवानाने दाद मागायची कोणाकडे? पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये राज्यघटनेतच याचे उत्तर दिले. संसदेने निवडलेल्या लष्करी आयुक्ताकडे, वरिष्ठांना वगळून, थेट! या पदाला धार आणली हेल्मुट हाये यांनी.

१८९५ मध्ये जन्मलेल्या हाये यांची हयात नौदलात गेली. हिटलरच्या आरमारात ते व्हाइस ॲडमिरलपदापर्यंत पोहोचले. एप्रिल १९४० मध्ये ‘ग्लोवर्म’ ही ब्रिटिश विनाशिका त्यांच्या युद्धनौकेला धडकून बुडाली, तेव्हा शत्रूच्या बुडत्या खलाशांना वाचविण्यासाठी त्यांनी आपली नौका थांबविली. युद्धानंतर ते ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार झाले आणि १९६१ मध्ये लष्करी आयुक्त.

१९६३ मध्ये नागोल्ड येथे सक्तीच्या संचलनात कोसळलेला एक नवसैनिक मरण पावला. प्रशिक्षणातील छळाच्या तक्रारी वाढल्या होत्या. अहवालांकडे संसद पुरेसे लक्ष देत नाही, असे वाटल्याने हाये यांनी १९६४ मध्ये ‘क्विक’ या सचित्र साप्ताहिकात जाहीर लेखन केले. एकच गदारोळ उठला. स्वपक्षीयही उलटले. त्याच वर्षी त्यांना पद सोडावे लागले.

१९७० मध्ये हाये यांचे निधन झाले. आयुक्तपद मात्र टिकले. जर्मन जवान आजही तेथे थेट तक्रार करू शकतो.