धनंजयराव गाडगीळ

अर्थशास्त्र हा पेढ्यांचा आणि सरकारी दप्तरांचा विषय, असा पुष्कळांचा समज असतो. धनंजयराव गाडगीळांनी तो शेताच्या बांधापर्यंत नेला.

त्यांचा जन्म १९०१ साली नाशिक येथे झाला. बालपण मात्र नागपुरास गेले. केंब्रिजच्या शिक्षणानंतर १९३० साली पुण्यास स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी स्वीकारली. संस्थेने वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली. त्या काळी खेड्यातील शेतकरी व लहान दुकानदार बहुधा तोंडी हिशेबावरच चालत. व्याज किती फिटले नि मुद्दल किती उरले, हे सावकाराच्या वहीत असे. आणि वही सावकाराच्या हाती!

ऊस पिकवणाऱ्यांनी साखर कारखानाही आपणच काढावा, हा विचार १९४५ च्या बेलापूर येथील परिषदेत पुढे आला. धनंजयराव तिचे अध्यक्ष होते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील भागभांडवल गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडले. भाग म्हणजे काय, येथपासून समजावून सांगणे प्राप्त होते. ज्याने जन्मभर कर्जच पाहिले, त्यास मालकीची कल्पना सहजासहजी पटत नाही. अखेर १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला. केंब्रिजचा हा पंडित पहिली दहा वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळीत राहिला.

१९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. तिच्या चार संचालकांत धनंजयराव होते. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सहकारी संस्थांकडून जेमतेम तीन रुपये येत, असे तीत आढळले. सहकाराचा पुरस्कार करणाऱ्यांस हा आकडा सुखाचा नव्हता. पण तो झाकला गेला नाही.

१९६९ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने आणखी एक मार्ग सुचवला. बँकांनी शहरातच न थांबता एकेक जिल्ह्याच्या गरजा पाहून तेथे कर्जव्यवस्था उभारावी, असा तो विचार होता. त्यातूनच त्या वर्षी प्रत्येक जिल्हा एका अग्रणी बँकेकडे सोपवण्याची योजना निघाली. चंद्रपूरसारखा वनप्रदेशही तीत आला. गोंडपिपरीचा किराणा दुकानदार किंवा बांबूच्या टोपल्या विणणारा बुरूड यांचीही पत बँकेने पाहावी, असा याचा अर्थ होता.

पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद सोडून दिल्लीहून पुण्यास परतत असता, ३ मे १९७१ रोजी आगगाडीतच त्यांचे देहावसान झाले.