थॉमस कपचे थॉमस

मे २०१४ मध्ये दिल्लीच्या सिरी फोर्टमध्ये थॉमस आणि उबर कपचे सामने झाले. पुरुषांचा कप जपानने नेला, महिलांचा चीनने; आपल्या मुलींना कांस्यपदक मिळाले. यातल्या थॉमस कपला नाव देणारे सर जॉर्ज थॉमस स्वतः या कपसाठी कधीच खेळले नाहीत.

त्यांचा जन्म १८८१ चा, इस्तंबूलजवळचा. आई नामवंत बुद्धिबळपटू. मुलगा बुद्धिबळ, टेनिस आणि बॅडमिंटन असे तिन्ही खेळ खेळू लागला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. युद्धामुळे ऑल इंग्लंड स्पर्धा पाच वर्षे बंद राहिली. १९२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा थॉमस अडतीस वर्षांचे होते. या वयात खेळाडू निवृत्त होतात. त्यांनी एकेरीचे विजेतेपद पटकावले आणि सलग चार वर्षे सोडले नाही! ऑल इंग्लंडची त्यांची एकूण विजेतेपदे २१. शिवाय १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी बुद्धिबळात कापाब्लांका आणि बॉटविनिक या दोघांना हरवले. मला तर हेच जास्त अवघड वाटते.

१९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला आणि ते पहिले अध्यक्ष झाले. देशादेशांच्या संघांसाठी करंडक द्यायचे १९३९ मध्ये ठरले आणि दुसरे महायुद्ध पेटले. करंडक जवळजवळ दहा वर्षे थांबला. १९४९ मध्ये प्रेस्टनला पहिला अंतिम सामना झाला; मलायाने डेन्मार्कला ८-१ ने हरवले.

थॉमस १९७२ मध्ये वारले. त्यांच्या इंग्लंडला हा कप अजून मिळालेला नाही. भारताला २०२२ मध्ये मिळाला, आणि त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता.